मुंबईतलं परवडणारं घर: चौरस फुटांचा आणि स्टेशनांचा सव्वाशे वर्षांचा हिशोब

कर्ज धरून हातात ४५ लाख रुपये, घरात चार माणसं, आणि निदान दोन खोल्या तरी हव्यात. असं कुटुंब आज घर बघायला निघालं की दलाल पहिल्या पाच मिनिटांत विरार, बदलापूर नाहीतर पनवेलच्या पुढचं नाव काढतो. परळ-लालबागचा विषयही निघत नाही. कांदिवली-भांडुपला त्या पैशात मिळालीच तर जुन्या इमारतीतली वन आरके, म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर, एवढंच मिळतं. लोकलच्या एकाच मार्गावर भावात एवढी तफावत का, याचं उत्तर आजच्या बाजारात शोधून सापडत नाही, त्यासाठी मागे जावं लागतं. मागे गेलं की एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. या शहरात सामान्य माणसाला परवडणारं घर मिळालं तेव्हा ते अपुरं होतं, आणि पुरेसं मिळालं तेव्हा ते लांब होतं.

१८९६ साली मांडवी भागात प्लेगची साथ सुरू झाली. दाटीवाटीच्या, अंधाऱ्या खोल्यांना दोष दिला गेला आणि १८९८ मध्ये सरकारने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. ट्रस्टने वस्त्या पाडून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोडसारखे रुंद रस्ते काढले. ज्यांच्या खोल्या पाडल्या त्या सगळ्यांना बदली खोल्या मात्र मिळाल्या नाहीत, त्यामुळे आजूबाजूच्या चाळींत आणखी गर्दी झाली. याच ट्रस्टने पुढे दादर-माटुंग्याला आखीव वसाहती उभ्या केल्या. हिंदू कॉलनी आणि पारशी कॉलनी या त्यातल्याच. त्या नोकरदार मध्यमवर्गासाठी होत्या, आणि चांगल्याच होत्या. १९१५ मध्ये गावदेवीला सारस्वतांनी सहकारी गृहनिर्माण सोसायटी काढली, तीही त्याच वर्गाची. गिरणी कामगार या वसाहतींच्या आखणीत कुठेच नव्हता.

त्याच्यासाठी घरं बांधायला १९२० साली बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट आलं, म्हणजे आपलं बीडीडी. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे त्याने २०७ चाळी बांधल्या. तळमजला आणि वर तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, इमारतीत ऐंशी. प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची. मधोमध लांबलचक व्हरांडा, दोन्ही बाजूंना खोल्या आणि संडास सामायिक. खोलीत शिरलं की एका कोपऱ्यात मोरी, तिच्या बाजूला ओटा, समोर पलंग, पलंगाखाली ट्रंका, आणि वर बहुतेकांनी ठोकून घेतलेला पोटमाळा. सात-आठ माणसांच्या घरात रात्री पलंगावर म्हातारी माणसं, खाली बायका-मुलं आणि कर्ते पुरुष बाहेर व्हरांड्यात, ही व्यवस्था तीन-तीन पिढ्या चालली. मुलीला अभ्यासाला जागा हवी म्हणून बापाने जिन्यात बसायचं, हेही त्यातच आलं.

१६० हा आकडा कुठल्याही कुटुंबाची गरज मोजून आलेला नव्हता. सरकारला किती खर्च झेपतो आणि कामगाराला किती भाडं झेपतं, यातून तो निघाला. आणखी एक गोष्ट आज वाचून खरी वाटणार नाही: वरळीच्या चाळी सुरुवातीला बराच काळ भरल्याच नाहीत, आणि त्याचं एक कारण म्हणजे वरळी तेव्हा गिरण्यांपासून लांब पडायची.

ज्यांना बीडीडीची खोलीही परवडत नव्हती त्यांनी स्वतःची सोय केली. कोकणातल्या आणि घाटावरच्या गावांनी गिरणगावात गावकीच्या खोल्या घेतल्या. त्यात वीस-तीस गडी पाळीप्रमाणे झोपायचे, रात्रपाळीवाला आला की दिवसपाळीवाल्याने वळकटी गुंडाळायची, आणि जेवायला खानावळ. बायका-मुलं गावाला. मुंबईच्या कापड उद्योगाची भरभराट झाली त्यात या मुक्कामाचा मोठा वाटा आहे, कारण कुटुंब गावाला ठेवणाऱ्या माणसाला घरभराला पुरेल असा पगार द्यावा लागत नाही.

दुसऱ्या महायुद्धात शहरात माणसं वाढली आणि भाडी कडाडली. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. त्या काळी भाडेकरूला याची नितांत गरज होती, हे आधी मान्य करायला हवं. या कायद्यामुळेच गिरगाव, दादर, लालबागचा मराठी माणूस पुढची पन्नास वर्षं आपल्या जागी टिकला. पण तात्पुरता म्हणून आलेला हा कायदा मुदतवाढीवर मुदतवाढ घेत राहिला. मालकांनी डागडुजी सोडली, आणि भाड्याने देण्यासाठी नवी चाळ बांधणं जवळपास थांबलं. जुन्या खोलीची भाडेकरू म्हणून असलेली नोंद हीच संपत्ती झाली आणि तिच्यावर पागडी, म्हणजे हस्तांतराची एकरकमी किंमत, चढली. पुढे १९९९ च्या कायद्याने पागडीच्या व्यवहाराला कायदेशीर जागाही दिली. दरम्यान इमारती कोसळू लागल्या होत्या. १९६९ मध्ये दुरुस्तीसाठी उपकर बसवावा लागला, तेव्हा त्याच्या कक्षेत साडेएकोणीस हजारांवर इमारती होत्या. नव्याने येणाऱ्याला, किंवा त्याच चाळीत वाढलेल्या धाकट्या भावाला, शहरात भाड्याचं रास्त घर उरलं नाही.

सरकारने स्वतः काहीच बांधलं नाही असं नाही. १९४८ मध्ये हाउसिंग बोर्ड आलं, १९७७ मध्ये त्याचं म्हाडात, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणात, रूपांतर झालं. विक्रोळीचं कन्नमवार नगर, कुर्ल्याचं नेहरू नगर, चेंबूरचं टिळक नगर, घाटकोपरचं पंत नगर, गोरेगावचं मोतीलाल नगर या वसाहती त्या काळातल्या. गाळे लहानच, पण मोकळं मैदान, शाळा, बाजार जवळ. या वसाहतींनी मुंबईला कारकून, शिक्षिका, नर्स, कबड्डीपटू, नट दिले.

१९६० नंतर ओनरशिपचं पर्व सुरू झालं. १९६० चा सहकार कायदा आणि १९६३ चा मोफा, म्हणजे बिल्डरने फ्लॅट विकताना पाळायच्या नियमांचा कायदा, या दोन कायद्यांवर ते उभं राहिलं. घर भाड्याने घ्यायची वस्तू होती, ती विकत घ्यायची झाली. १९७७ मध्ये एचडीएफसी निघाली आणि पगारदाराला गृहकर्ज नावाची सोय कळली. पण कर्ज झेपेल असा ब्लॉक कुठे होता? डोंबिवलीला, मुलुंडला, बोरिवलीला. थोरला चाळीत राहिला, धाकट्याने डोंबिवली धरली, ही गिरगाव-दादरच्या असंख्य घरांची कथा आहे. तिथे पहिल्यांदा संडास घरात आला, स्वयंपाकघराला दार आलं, मुलांना वेगळी खोली मिळाली. त्याची किंमत लोकलमध्ये भरावी लागली. सकाळी ठरलेली फास्ट चुकली की दिवस बिघडायचा, आणि नोकरी करणाऱ्या बायका परतीच्या गाडीत भाजी निवडत घरी यायच्या. त्या प्रवासाचे तास घराच्या किमतीत कुणी धरले नाहीत. माझ्या मते परवडण्याच्या सगळ्या हिशोबातली ही सर्वांत मोठी चूक आहे आणि ती आजही चालू आहे.

१९७० मध्ये नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको ही सरकारी कंपनी आली. नवी मुंबईने मुंबईचा भार उचलायचा होता, पण मानखुर्द-वाशी रेल्वे सुरू व्हायला १९९२ उजाडलं. १९७६ चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा मुंबईत ५०० चौरस मीटरवरची मोकळी जमीन काढून घेऊन गरिबांच्या घरांना देणार होता. प्रत्यक्षात जमिनी सवलतींत आणि कोर्टात अडकल्या, आणि महाराष्ट्राने २००७ मध्ये तो रद्द केला.

या सगळ्यात एक प्रयोग मला वेगळा वाटतो. १९८५ मध्ये जागतिक बँकेच्या मदतीने चारकोप आणि गोराईला छोटे भूखंड आखून रस्ते, पाणी, गटारं दिली गेली आणि घर लोकांवर सोडलं. आधी एक खोली, पैसे जमले की वर माळा, मुलाचं लग्न ठरलं की आणखी एक खोली. घर किती मोठं हवं हे ठरवण्याचा थोडा तरी अधिकार कुटुंबाकडे आला तो इथे. तो प्रयोग पुढे वाढवायला हवा होता.

धोरण मात्र दुसरीकडेच वळलं. १९८२ च्या जानेवारीत डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला आणि गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या उभ्या राहिल्या नाहीत. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरवले: एक शहराच्या मोकळ्या जागांना, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी पूर्ण जमिनीची न होता फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीची होईल, असं ठरलं. गिरणीच्या आवारात रिकामी जागा असणार किती? सुप्रीम कोर्टाने २००६ मध्ये हा बदल ग्राह्य धरला. परळ-लालबागच्या मधोमध परवडणाऱ्या घरांसाठी मिळू शकणारी जमीन या एका दुरुस्तीने आटली आणि तिथे टॉवर आणि मॉल आले. त्याच १९९१ च्या नियमांत टीडीआरही होता, म्हणजे एका जागेवरचा बांधकामाचा हक्क दुसऱ्या जागी वापरण्याची सोय, आणि तो बहुतांशी उत्तरेकडच्या उपनगरांतच वापरायचा होता. माणसांबरोबर बांधकामाचा हक्कही बोरिवलीच्या दिशेने निघाला. २००१ ते २०११ या दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३ लाखांवरून ३१ लाखांच्या खाली आली ती उगाच नाही.

झोपडपट्टी पुनर्वसनात घर मोफत झालं आणि आकार पुन्हा सरकारने ठरवला. १९९५ नंतर २२५ चौरस फूट, २००८ च्या सुमारास २६९, नंतर ३००. आकडा वाढत गेला ही चांगलीच गोष्ट आहे. पण याच २००८ मध्ये एमएमआरडीएने, म्हणजे मुंबई महानगराच्या विकास प्राधिकरणाने, भाड्याच्या घरांची योजना आणली आणि त्यातल्या घराचा आकार ठेवला १६० चौरस फूट. ऐंशी-नव्वद वर्षांनंतर बीडीडीचाच आकडा, तोही बहुतांशी मुंबईच्या बाहेर.

खुल्या बाजारातही आकाराचा खेळ चालायचा. सुपर बिल्टअपच्या नावाखाली जिना, लिफ्ट, लॉबी घरात मोजली जायची आणि साडेसहाशे म्हणून घेतलेलं घर आत साडेचारशेचं निघायचं. १ मे २०१७ पासून महारेरा, म्हणजे घरविक्रीवर देखरेख ठेवणारं राज्याचं प्राधिकरण, आलं आणि विक्री कार्पेटवरच, म्हणजे घराच्या आतल्या वापरायच्या जागेवरच, करणं बंधनकारक झालं. घर बघणाऱ्याने करारनाम्यातला कार्पेटचा आकडाच धरावा. एप्रिल २०१९ पासून बांधकाम सुरू असलेल्या परवडणाऱ्या घरावर १ टक्का जीएसटी लागतो, पण त्याची व्याख्या ४५ लाखांपर्यंत किंमत आणि महानगरात ६० चौरस मीटर कार्पेट अशी आहे. ६० चौरस मीटर म्हणजे ६४६ चौरस फूट. भाग देऊन पाहा, तेवढी पूर्ण जागा घ्यायची तर चौरस फुटाला सात हजारांच्या आत भाव हवा. मुंबईच्या हद्दीत नव्या इमारतीत तो भाव कुठे आहे? मुंबई, विरार आणि बदलापूर तिन्हींना मर्यादा मात्र एकच. बरं, ४५ लाखांच्या घरासाठी ३६ लाखांचं कर्ज वीस वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी काढलं तर महिन्याचा हप्ता ३१ हजारांवर जातो. हप्ता पगाराच्या चाळीस टक्क्यांत बसवायचा तर घरात महिन्याला ७८ हजार यायला हवेत. एवढी मिळकत नसलेल्यांची मदार म्हाडाच्या सोडतीवर. २०२३ मध्ये मुंबई मंडळाच्या ४,०८२ घरांसाठी एक लाखावर अर्ज आले होते.

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडीतल्या ५५६ कुटुंबांना त्याच जागी ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या, एक पैसा न भरता. हे शक्य झालं कारण जमीन सरकारची होती. गिरणी कामगारांचं तसं झालं नाही. २०१२ च्या सोडतीत गिरण्यांच्या जागेवरची ६,९२५ घरं निघाली, २२५ चौरस फुटांची. २०१६ ला पनवेलजवळच्या कोन गावातली निघाली, एमएमआरडीएच्या १६० च्या दोन-दोन खोल्या जोडून ३२० केलेली. अर्ज होते दीड लाखांवर. उरलेल्यांना आता शेलू आणि वांगणी सुचवलं जातंय, बदलापूरच्याही पुढे, कर्जतच्या वाटेवर. जुलै २०२५ मध्ये हे कामगार आणि त्यांचे वारस आझाद मैदानात जमले ते घर मुंबईतच हवं म्हणून. त्यांचं म्हणणं बरोबर आहे: २००१ मध्ये जो वाटा आटला त्याची भरपाई नेरळजवळच्या माळावर होत नाही.