शुक्रवार एकच, तारखा दोन

पणजीत दोन रस्त्यांची नावं म्हणजे नुसत्या तारखा आहेत. एक बाजारातला अठरा जून रस्ता, दुसरा फोंतेन्हासमधला एकतीस जानेवारी रस्ता. पहिलं नाव १९४६ सालच्या त्या दिवसाचं, ज्या दिवशी डॉ. राममनोहर लोहियांनी मडगावात सभा घेऊन पोर्तुगीजांची सभाबंदी मोडली. दुसरं पोर्तुगीज काळातलं. पोर्तुगालच्या पोर्तो शहरात ३१ जानेवारी १८९१ रोजी प्रजासत्ताकासाठी उठाव झाला होता. दोन्ही नावांतून साल गळून गेलंय, तारीख तेवढी उरली आहे.

साल गळलं की तारखांची गंमत सुरू होते. १८ जूनलाच १८१५ साली वॉटर्लूची लढाई झाली आणि १८ जूनलाच १९८३ साली सॅली राइड ही पहिली अमेरिकन स्त्री अवकाशात गेली. वर्तमानपत्रातलं 'दिनविशेष' वाचताना असं काही दिसलं की वाटतं, या तारखेतच काहीतरी असावं.

त्यामागचं गणित मात्र सरळ आहे आणि मला ते फार आवडतं. फोंड्याहून पणजीला येणाऱ्या कदंब बसमध्ये पन्नास जण बसलेत असं समजा. त्यांतल्या कुणातरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता ९७ टक्के आहे. अगदी २३ जण असले तरी ती निम्म्याहून किंचित जास्तच भरते. पटत नाही, कारण आपण मनात आपल्याच वाढदिवसाशी जुळवून बघतो. पन्नास जणांत माझ्या तारखेचा दुसरा कुणी सापडण्याची शक्यता जेमतेम तेरा टक्के. पण कुणाचीही कुणाशीही जोडी चालत असेल, तर पन्नास माणसांत १,२२५ जोड्या होतात. इतिहासातल्या घटना तर लाखोंनी आणि त्या ठेवायला खण फक्त ३६६. एखाद्या खणात एकच घटना राहिली असती, तर ते खरं नवल ठरलं असतं.

तारीख हा खण आपण पक्का धरून चालतो. तो पक्का नाही, हे गोव्याच्या इतिहासाइतकं स्पष्ट क्वचितच कुठे दिसत असेल.

पोर्तुगीज सेनानी अल्बुकेर्कने २५ नोव्हेंबर १५१० रोजी गोवा जिंकलं. तो सेंट कॅथरीनचा दिवस, म्हणून जुने गोवेचं मोठं से कॅथेड्रल तिच्या नावाने आहे. पण ती २५ नोव्हेंबर तेव्हा युरोपात चालणाऱ्या ज्युलियन कालगणनेतली. ज्युलियन वर्ष ३६५ दिवस ६ तासांचं. ऋतूंचं खरं वर्ष त्याहून सुमारे ११ मिनिटांनी लहान. अकरा मिनिटं म्हणजे किती थोडी, पण १२८ वर्षांत त्यांचा एक दिवस होतो. सोळाव्या शतकापर्यंत वसंतसंपात, म्हणजे मार्चमधला दिवस-रात्र सारखे असण्याचा दिवस, २१ मार्चवरून ११ मार्चवर सरकला होता. आजच्या, म्हणजे ग्रेगोरियन कॅलेंडरने मोजलं तर अल्बुकेर्कचा तो दिवस ५ डिसेंबर येतो. सेंट फ्रान्सिस झेवियर यांचा मृत्यूही असाच. ३ डिसेंबर १५५२ म्हणजे आजच्या हिशेबाने १३ डिसेंबर. सायबाचं, म्हणजे झेवियर यांचं फेस्त मात्र ३ डिसेंबरलाच होतं, कारण श्रद्धेने तारखेचं नाव जपलं, सूर्याची जागा नव्हे.

ही चूक दुरुस्त करणाऱ्यांत क्रिस्तोफर क्लावियुस हा जेझुइट गणिती होता. तो पोर्तुगालातच, कुईंब्रला शिकला आणि तिथेच १५६० साली त्याने खग्रास सूर्यग्रहण पाहिलं. पोप तेरावे ग्रेगरी यांच्या आज्ञेने १५८२ साली ४ ऑक्टोबरच्या गुरुवारनंतर थेट १५ ऑक्टोबरचा शुक्रवार उजाडला. आविलाची संत तेरेसा नेमकी त्याच रात्री स्पेनमध्ये वारली. तिच्या मृत्यूच्या रात्रीत दहा तारखा नाहीशा झाल्या. पोर्तुगालने हा बदल पहिल्याच दिवशी स्वीकारला. गोव्यात तो केप ऑफ गुड होपला वळसा घालून, महिनोन्महिने प्रवास करत येणाऱ्या जहाजांमागोमाग आला.

इंग्रजांनी मात्र ही कालगणना १७५२ पर्यंत घेतली नाही. त्यामुळे एकाच किनाऱ्यावर, गोव्यात आणि इंग्रजांच्या सुरत-मुंबईत, तारखांमध्ये दहा दिवसांचं अंतर पडलं. १७०० नंतर ते अकरा झालं. १७०० च्या आधी गोव्यातून २० जानेवारीला निघालेलं गलबत चार दिवसांनी मुंबईला लागलं, तर तिथल्या इंग्रजाच्या वहीत १४ जानेवारी असे. माल उतरायचा तो निघण्याच्या सहा दिवस आधी!

आपल्याला सगळ्यात जवळचं उदाहरण शिवजन्माचं. फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. महाराष्ट्र शासन शिवजयंती १९ फेब्रुवारी या तारखेला साजरी करतं, ती १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख ज्युलियन आहे. सुरतेच्या वखारीतला इंग्रज त्या दिवशी हीच तारीख लिहीत होता, फक्त त्याचं वर्ष २५ मार्चला बदलत असल्याने त्याच्या हिशेबाने साल अजून १६२९च होतं. आणि त्याच दिवशी गोव्यात पोर्तुगीज कारकुनाने वही उघडली असेल, तर वर १ मार्च १६३० लिहिलं असेल. शिवनेरीवर पाळणा हलला तो दिवस एकच. राज्याभिषेकाचंही तेच. ६ जून १६७४ ही रायगडावर आलेल्या इंग्रज वकिलाची तारीख, गोव्यात तेव्हा १६ जून होती.

या गोंधळात एक धागा तुटलेला नाही. तो वाराचा. जेधे शकावली या तारीखवार नोंदींच्या जुन्या टिपणात शिवजन्माचा वार शुक्रवार दिला आहे. सुरतेत शुक्रवार, गोव्यात शुक्रवार, शिवनेरीवरही शुक्रवार. १५८२ साली तारखा कापल्या तरी वारांची माळ तशीच राहिली. म्हणूनच इतिहासकार तिथी, वार आणि तारीख तिन्ही जुळवून पाहतात, आणि वार जुळला नाही की नोंदीत कुठेतरी खोट आहे हे त्यांना कळतं. ग्रेगोरियन पद्धतीत ४०० वर्षांचे १,४६,०९७ दिवस होतात, म्हणजे नेमके २०,८७१ आठवडे, एक दिवस कमी नाही की जास्त नाही. म्हणून २०३० साली १ मार्चला पुन्हा शुक्रवारच असेल.

तारीख जागेवरही ठरते. अपोलो १७ चं यान चंद्रावरून परतून १९ डिसेंबर १९७२ रोजी प्रशांत महासागरात उतरलं, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. ती तारीख गोवा मुक्तिदिनाची, त्यामुळे जोडी लावायचा मोह होतो. पण ते यान पाण्याला टेकलं तेव्हा पणजीत मध्यरात्र उलटून जवळजवळ तास झाला होता. आपल्याकडे २० डिसेंबर लागली होती.

माझी आजी वाढदिवस तिथीनेच करायची. चंद्राचे बारा महिने ३५४ दिवसांत संपतात, म्हणून तिथी दरवर्षी अकराएक दिवस मागे येते आणि अधिक महिना तिला पुन्हा पुढे ढकलतो. चतुर्थी कधी ऑगस्टात, कधी सप्टेंबरात, ती यामुळेच. पण चंद्राचे २३५ महिने म्हणजे जवळजवळ बरोबर १९ वर्षं. म्हणून १९व्या, ३८व्या, ५७व्या वाढदिवसाला तारीख आणि तिथी एकमेकींना पुन्हा भेटतात, फार तर एखादा दिवस इकडे-तिकडे. घरच्या कुणाचं तरी जुनं पंचांग काढून हे जरूर पडताळून पाहा.

गोवा मुक्त झालं तो १९ डिसेंबर १९६१ चा मंगळवार मार्गशीर्षाच्या शुद्ध पक्षातला होता, दत्तजयंती अगदी तोंडावर आलेली. पोर्तुगीज गव्हर्नरने शरणागती पत्करली त्या रात्री द्वादशीच्या आसपासचा चंद्र आकाशात चांगला वर आलेला होता. तसाच तो १९८०, १९९९ आणि २०१८ च्या १९ डिसेंबरला होता. आता २०३७ साली त्याच तारखेला रात्री साडेआठच्या सुमारास मांडवीच्या काठी उभं राहून पूर्वेकडे वर पाहिलं, तर जवळजवळ तेवढाच चंद्र, जवळजवळ त्याच उंचीवर असेल.