आल्प्समध्ये ढग अडत नाहीत, ते तिथेच तयार होतात

ऑस्ट्रियातील साल्झबर्ग किंवा हालश्टाटला सुट्टीसाठी गेलेल्या मराठी पर्यटकाला जुलैतला एखादा दिवस हॉटेलच्या खिडकीतून पाऊस पाहण्यात घालवावा लागला, की तो हमखास सांगतो, "ढग डोंगराला अडलेत." हे उत्तर त्याने शालेय भूगोलातल्या प्रतिरोध पावसाच्या आकृतीतून उचललेले असते. त्यातला डोंगर बरोबर असतो, क्रिया मात्र चुकीची असते. वाहत आलेला ढग कड्यावर आपटून रिता होत नाही. उत्तरेकडच्या सपाटीवरून येणाऱ्या हवेत बरेचसे पाणी अजून अदृश्य बाष्पाच्या रूपात असते आणि त्याचा ढग करण्याचे काम डोंगर करतो. साल्झबर्गमध्ये वर्षाला सुमारे १२०० मिलिमीटर पाऊस पडतो, व्हिएन्नात सुमारे त्याच्या निम्मा. आणि साल्झबर्गचा सर्वाधिक पाऊस नेमका उन्हाळ्यात, म्हणजे पर्यटकांच्या हंगामात पडतो.

ऑस्ट्रियातील आल्प्सची मुख्य रांग पूर्व-पश्चिम पसरलेली आहे. उत्तर अटलांटिक आणि उत्तर समुद्रावरून बाष्प घेऊन येणारे वायव्येचे वारे तिच्यावर जवळजवळ आडवे येतात, आणि मागून रेटा चालूच असल्यामुळे हवेला वर चढावे लागते. तीन हजार मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ७० टक्के असतो. त्यामुळे वर चढणारी हवा प्रसरण पावते, प्रसरण पावताना भोवतालच्या हवेला बाजूला ढकलते, आणि या कामासाठी लागणारी ऊर्जा तिला बाहेरून कोणी देत नसल्यामुळे ती स्वतःच्या रेणूंच्या गतीतून खर्च करते. सायकलच्या पंपात दाबलेली हवा तापते, त्याच्या नेमकी उलट ही घटना आहे. ढग नसलेली हवा या पद्धतीने दर किलोमीटरला सुमारे १० अंश सेल्सिअसने थंड होते.

हा हिशेब पुढे नेण्याचा मोह मला आवरत नाही. समजा, ५०० मीटर उंचीवरील हवेचे तापमान १५ अंश आहे आणि तिचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातल्या बाष्पाचे पाणी होऊ लागते तो अंश, ११ आहे. ती आणखी ५०० मीटर चढली की तापमान १० अंशांवर येते, दवबिंदूही किंचित उतरून तिथेच येतो, हवा संपृक्त होते आणि ढगाचा तळ दिसू लागतो. येथून पुढे गणित बदलते. एक ग्रॅम बाष्पाचे पाणी होताना सुमारे २५०० ज्यूल सुप्त उष्णता बाहेर पडते, आणि ती एक किलोग्रॅम हवेला अडीच अंशांनी तापवण्यास पुरते. म्हणून ढगातली हवा किलोमीटरला दहा नव्हे, तर सुमारे सहा अंशांनीच थंड होते आणि तीन हजार मीटरच्या कड्यावर उणे दोन अंशांना पोहोचते. वाटेत प्रत्येक किलोग्रॅम हवेने तीन ग्रॅमहून थोडे अधिक पाणी गमावलेले असते. ते सगळे पावसाच्या रूपाने उत्तर उतारावर पडून गेले असे मानले, तर पलीकडे उतरताना हवा पुन्हा दर किलोमीटरला दहा अंशांनी तापते आणि ५०० मीटरवर २३ अंशांची होते. ही आठ अंशांची कमाई म्हणजे उत्तर उतारावर पडलेल्या पावसाची सुप्त उष्णता होय.

आल्प्समध्ये अशा उतरणाऱ्या कोरड्या वाऱ्याला 'फ्योन' म्हणतात. दक्षिणेकडून येणारा उबदार फ्योन थेट सहारा वाळवंटातून येतो, अशी एकेकाळी विद्वानांचीही समजूत होती; ऑस्ट्रियन हवामानशास्त्रज्ञ युलियस हान यांनी १८६६ मध्ये ही ऊब उतरताना होणाऱ्या आकुंचनातून येते हे दाखवून दिले. मात्र वरचा सुबक हिशेब प्रत्येक वेळी लागू पडत नाही. वातावरणाचे थर स्थिर असले की खालची थंड हवा अनेकदा डोंगर न चढता अलीकडच्या खोऱ्यांतच तुंबते आणि पलीकडे उतरते ती कड्याच्या पातळीवरची हवा, जिचे विभव तापमान, म्हणजे ठरावीक दाबाच्या एकाच पातळीवर आणल्यास होणारे तापमान, मुळातच अधिक असते. तेव्हा पाऊस न पडताही फ्योन वाहू शकतो. शिवाय उत्तरेकडून येणारी हवा मुळात थंड असल्यामुळे दक्षिणेकडील कॅरिंथिया प्रांतात ती कोरडी आणि स्वच्छ असली, तरी उबदार वाटेलच असे नाही.

ढग तयार झाला म्हणजे पाऊस पडतोच असेही नाही. दोन मिलिमीटर व्यासाचा एक थेंब होण्यासाठी ढगातले सुमारे दहा लाख सूक्ष्म कण एकत्र यावे लागतात. सह्याद्रीतल्या मान्सूनच्या बुटक्या ढगांत हे काम बऱ्याच अंशी पाण्याच्या कणांच्या टकरींतून होते. आल्प्समध्ये बर्फाची मदत मोठी असते : शून्याखालीही द्रवरूप राहिलेल्या कणांतील पाण्याचे बाष्प होते, ते शेजारच्या हिमस्फटिकांवर जमते, स्फटिक वाढून खाली पडतात आणि वाटेत वितळतात. हालश्टाटच्या छत्रीवर जुलैत पडणारा पाऊस बहुधा हिम म्हणूनच सुरू झालेला असतो.

ऑस्ट्रियात २७ जूनचे हवामान पुढे सात आठवडे टिकते, असा लोकसमज आहे. सतराव्या शतकात मठाधिपती माउरिट्सिउस क्नाउअर यांनी सात वर्षे हवामानाच्या नोंदी ठेवल्या आणि सात ग्रहांच्या क्रमाने तेच हवामान पुन्हा येते असे मानले. त्यावर बेतलेले 'शंभर वर्षांचे पंचांग' आजही विकले जाते. नक्षत्राचे वाहन बेडूक आहे की गाढव, हे पाहून पावसाचा अंदाज सांगणाऱ्या आपल्या पंचांगाला युरोपात नातेवाईक आहेत, इतकेच. मोबाइलवरचे पावसाचे चिन्हही दिवसभराच्या हवामानाला एकाच चित्रात कोंबते.

त्यापेक्षा वाऱ्याची दिशा पाहावी. वारा वायव्येचा किंवा उत्तरेचा असेल, तर गास्टाइन खोऱ्यातील ब्योकश्टाइनहून मालनिट्सला जाणाऱ्या रेल्वेत बसावे. १९०९ साली सुरू झालेला तेथील आठ किलोमीटरहून लांब टाउअर्न बोगदा मुख्य रांगेच्या पोटातून पलीकडे नेतो आणि पुष्कळदा दुसऱ्या टोकाला ऊन असते. अपवाद भूमध्य समुद्रावरून ईशान्येकडे सरकणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांचा. ऑगस्ट २००२ आणि सप्टेंबर २०२४ मधील महापूर अशाच क्षेत्रांमुळे आले. त्या वेळी रांगेच्या दोन्ही बाजूंना पाऊस असू शकतो आणि बोगदा ओलांडण्याचा उपयोग होत नाही.