मदत पोचली, पण कोणाच्या हाती?

युद्ध, उपासमार आणि कोसळलेले सरकार एकाच ठिकाणी असताना मदतीचे मूल्यमापन कसे करायचे, याची आजची चौकट मुख्यतः रवांडातल्या १९९४ च्या वंशसंहारानंतरची आहे. त्याआधी, नायजेरियातून फुटलेल्या बिआफ्रापासून १९८४-८५ च्या इथिओपियापर्यंत, हिशेब बहुतेक किती टन मदत पाठवली एवढाच व्हायचा.

तुत्सींची कत्तल करणारी हुतू राजवट पडली आणि जुलै १९९४ मध्ये काही दिवसांतच लाखो हुतू निर्वासित सीमा ओलांडून झाइरमधल्या (आजचे काँगो) गोमा परिसरात आले. जमीन लाव्हाच्या खडकाची. तिथे शौचालयाचा खड्डा खणता येईना, कबरही खणता येईना. कॉलरा आणि हगवणीने पहिल्या महिन्यात सुमारे ५०,००० माणसे दगावली. पुढे पाणी आले, दवाखाने उभे राहिले आणि मृत्युदर झपाट्याने उतरला. कागदावर मोहीम फत्ते!

पण छावण्यांवर हुकूम चालत होता तो वंशसंहार घडवणाऱ्या राजवटीच्या सैनिकांचा आणि पुढाऱ्यांचा. शिधा त्यांच्याच हातून वाटला जाई. डोकी फुगवून सांगायची आणि वरचा शिधा दाबायचा, असा खाक्या. १९९४ च्या अखेरीस एका वैद्यकीय संघटनेची फ्रेंच शाखा छावण्या सोडून गेली. तिच्याच काही भगिनी शाखा मात्र थांबल्या. थांबणाऱ्यांचे म्हणणे, इथे मुलेही आहेत. जाणाऱ्यांचे म्हणणे, त्या मुलांच्या आडून मारेकरी पोसले जाताहेत. वाद अजून मिटलेला नाही. पण शिरगणती लवकर झाली असती आणि शिधा थेट कुटुंबांच्या हाती पडला असता, तर निदान हा पेच इतका घट्ट बसला नसता. तत्त्वांच्या भांडणात ही कारकुनी बाजू नेहमी मागे पडते.

१९९६ मध्ये अनेक देणगीदारांचा संयुक्त मूल्यमापन अहवाल आला. राजकीय कृतीची उणीव मदतीने भरून निघत नाही, हे त्याने स्पष्ट सांगितले. मदतसंस्थांच्या २००० च्या ‘स्फिअर’ पुस्तिकेत किमान मानके आली: माणशी रोज १५ लिटर पाणी, २० जणांमागे एक शौचालय. देणगीदार देशांच्या गटाच्या (ओईसीडी-डॅक) १९९९ च्या मूल्यमापन मार्गदर्शिकेने अशा आणीबाणींसाठी ‘व्याप्ती’ हा वेगळा निकष मांडला होता. गरजूंपैकी किती जणांपर्यंत मदत गेली आणि कोण सुटले, हे त्यात पाहायचे.

अडचण छेदस्थानी, म्हणजे ज्याने भागायचे त्या आकड्यात आहे. एकूण गरजू किती, हे ठाऊक नसेल तर टक्केवारी काढणार कशाची? सोमालिया आणि सीरियात मूल्यमापनकर्त्यांना अनेक भागांत पाऊल ठेवता आले नाही. तिथे त्रयस्थ निरीक्षक, उपग्रहचित्रे आणि फोनवरच्या मुलाखतींवर काम भागवले गेले. ज्याच्याकडे फोन नाही, तो अशा मुलाखतींत येतच नाही.