किसामा

किसामा : नागालँडमधील नागा वारसाग्राम व हॉर्नबिल महोत्सवाचे स्थान. कोहिमाच्या दक्षिणेस सुमारे १२ किमी. अंतरावर, इंफाळकडे जाणाऱ्या महामार्गालगत, डोंगरउतारावर ते उभारलेले आहे. किग्वेमा व फेसामा ही शेजारची दोन्ही गावे अंगामी या नागा जमातीच्या दक्षिण शाखेची. पहिल्याचा ‘कि’, दुसऱ्याचा ‘सा’ आणि गाव या अर्थाचा ‘मा’ मिळून किसामा हे नाव जुळवले गेले. नावात गाव असले तरी ही नांदती वस्ती नव्हे. निरनिराळ्या जमातींची घरे पाहुण्यांना एका ठिकाणी पाहता यावीत म्हणून ती येथे बांधण्यात आली.

जमातींची नृत्ये, गाणी व सण एकत्र सादर करणाऱ्या या महोत्सवाची सुरुवात २००० साली राज्य शासनाच्या पर्यटन आणि कला व संस्कृती विभागांनी केली. आरंभीची काही वर्षे तो कोहिमा शहरात भरे. साधारणतः २००३ पासून किसामात भरू लागला. पूर्वी तो सात दिवसांचा होता, आता १ ते १० डिसेंबर असा चालतो. १ डिसेंबर १९६३ रोजी नागालँड राज्य अस्तित्वात आले, त्यामुळे उद्घाटनाचा दिवस राज्याच्या वर्धापनदिनाशी जुळतो.

उतारावर प्रत्येक जमातीचे एकेक ‘मोरुंग’ (तरुणांचे सामाईक घर) आहे. अंगामी, आओ, लोथा, सुमी, कोन्याक, रेंगमा, चाखेसांग, झेलियांग इत्यादी नागा जमातींबरोबर कुकी व कचारी यांचीही घरे येथे आहेत. ‘नागा’ या एका नावाखाली परस्परांना न कळणाऱ्या अनेक भाषा येतात. त्यामुळे जमातींमध्ये बोलण्यासाठी असमियावर आधारलेली नागामीज भाषा वापरतात. काही जमातनामे तर अलीकडची जोडनामे आहेत. चोक्री, खेझा व सांगताम या तीन नावांतून चाखेसांग, तर झेमी व लियांगमाई यांतून झेलियांग हे नाव बनले.

मोरुंग म्हणजे युवागृह. मात्र हा शब्द नागा भाषांतला नाही. आओ त्यास ‘आरजू’, लोथा ‘चंपो’, कोन्याक ‘बान’, तर अंगामी ‘किचुकी’ म्हणतात. मोरुंग हा शब्द असमियातून आला, असे सामान्यतः मानले जाते. परंतु तरुणांच्या घराला असमियात ‘डेकाचांग’ हा स्वतःचा शब्द आहे (डेका म्हणजे तरुण, चांग म्हणजे मचाण). ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातील मिसिंग लोक आपल्या सामाईक गृहास ‘मुरोंग’ म्हणतात. हे पाहता शब्द मुळात तिबेटो-बर्मी भाषाकुळातला असावा आणि असमियामार्गे इंग्रज अधिकाऱ्यांच्या लिखाणात रुळला असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

शब्दापेक्षा संस्थेचा प्रश्न महत्त्वाचा आहे. हटन व मिल्स या ब्रिटिश अधिकारी-मानवशास्त्रज्ञांच्या विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील नोंदींवरून ही संस्था सर्वत्र सारखी नव्हती, हे स्पष्ट दिसते. आओ व कोन्याक यांच्यात ती भक्कम होती. १९३६-३७ मध्ये वाकचिंग या कोन्याक गावी राहिलेल्या मानवशास्त्रज्ञ फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांना गावाची सगळी घडण मोरुंगांभोवती बांधलेली आढळली. सुमींमध्ये मात्र स्वतंत्र मोरुंग जवळजवळ नव्हतेच. ते काम प्रमुखाच्या घरात होई. अंगामींमध्येही त्याचे स्थान दुय्यम होते. पोकळ कोरलेल्या झाडाच्या बुंध्याचा प्रचंड नगारा आओ, चांग, फोम, कोन्याक यांच्याकडचा. अंगामींकडे तो नाही. ‘जमात तेथे मोरुंग’ हा किसामाचा आराखडा म्हणून शासकीय सोयीचा आहे आणि त्यात हे भेद पुसले जातात. गडचिरोलीतील माडिया गोंडांच्या गोटुल या युवागृहाशी मोरुंगाची तुलना मराठीत नेहमी केली जाते. तुलना करताना मोरुंग बहुधा मुलग्यांपुरते होते, आणि पहारा व लढाईची तयारी ही त्याची प्रमुख कामे होती, हे विसरू नये.

आओ प्रदेशात १८७२ पासून अमेरिकन बॅप्टिस्ट मिशनरी काम करू लागले. मोरुंग, तांदळाची बिअर व जुने सण यांना त्यांचा विरोध होता. आज राज्यातील सुमारे ८८ टक्के लोक ख्रिस्ती आहेत (२०११). आजोबांना जे सोडायला लावले, ते नातवंडे रंगमंचावर सादर करतात. याला नुसता देखावा म्हणणे अन्यायाचे होईल. गाणी पुन्हा पाठ करावी लागतात, घराची शाकारणी माहीत असलेल्या वृद्धाला विचारावे लागते, आणि त्या निमित्ताने ज्ञान एका पिढीकडून दुसरीकडे जाते. उणीव आहे ती ऋतूची. अंगामींचा सेक्रेन्यी हा सण फेब्रुवारीतला, आओंचा मोआत्सू पेरणीनंतर मे महिन्यातला, सुमींचा तुलुनी जुलैतला. शेताच्या कामापासून सुटलेले हे सण डिसेंबरात एकाच मैदानावर येतात, तेव्हा त्यांची नृत्ये दिसतात, त्यांचे कारण दिसत नाही.

वेशभूषेत हा बदल जवळून पाहता येतो. आओंच्या त्सुंगकोतेप्सू शालीच्या मधोमध पांढरा पट्टा असतो. त्यावर झाडाचा चीक, तांदळाची बिअर व राख यांच्या काळ्या शाईने मिथुन (गव्यासारखे पाळीव जनावर), हत्ती, वाघ, कोंबडा व मानवी मुंडकी रंगवतात. शत्रूचे शिर आणणाऱ्याला किंवा मिथुनबळीची मेजवानी देणाऱ्यालाच ती पांघरण्याचा मान असे. आता पैसे मोजणाऱ्या कोणालाही अशी शाल मिळते. अंगामी घराच्या दर्शनी शिखरावरील लाकडी शिंगेही अशीच गावजेवणे घालून मिळवावी लागत. चाखेसांग शालीला २०१७ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

महोत्सवाला नाव देणारा पक्षी म्हणजे महाधनेश, कोकणात ज्याला गरुड म्हणतात तोच. त्याचे काळ्या पट्ट्याचे पांढरे शेपूटपीस योद्ध्याच्या शिरोभूषणात असे. शिकार व जंगलतोड यांमुळे नागालँडात तो दुर्मिळ झाला. हल्ली नकली पिसेही वापरतात, आणि ती खऱ्यापेक्षा अधिक स्वागतार्ह आहेत.

मोरुंगांजवळच्या स्वयंपाकघरांत धुरावलेले डुकराचे मांस, बांबूचे कोंब, सुमींचे आंबवलेल्या सोयाबीनचे आखुनी आणि बांबूच्या पेल्यातून झुथो ही तांदळाची बिअर मिळते. राज्यात मात्र १९८९ पासून दारूबंदीचा कायदा आहे.

४ डिसेंबर २०२१ रोजी मोन जिल्ह्यातील ओटिंग येथे लष्कराच्या गोळीबारात नागरिक ठार झाले. किसामात काळे झेंडे लागले आणि त्या वर्षीचा महोत्सव अर्ध्यावर बंद करण्यात आला. पाहुण्यांसमोर नाचणाऱ्यांचे एक चालू आयुष्य आहे, हे त्या आठवड्यात साऱ्या देशाला दिसले.

राज्याबाहेरील भारतीयांना येथे येण्यासाठी १८७३ च्या नियमनावर आधारलेला इनर लाइन परवाना काढावा लागतो. महोत्सवाला जोडून कोहिमाची दुसऱ्या महायुद्धातील (१९४४ ची लढाई) युद्धस्मशानभूमी व खोनोमा पाहण्याचा प्रघात आहे. कोहिमाच्या पश्चिमेस सुमारे २० किमी.वरील खोनोमाच्या ग्रामस्थांनी १९९८ मध्ये स्वतःच्या जंगलात शिकार बंद करून ट्रॅगोपन पक्ष्यासाठी अभयारण्य राखले. तेथे पाहुणे गावकऱ्यांच्या घरी उतरतात, आणि यजमान सकाळी पायऱ्यापायऱ्यांच्या भातशेतांवर कामाला जातात.