अस्थिमज्जा बायोप्सी (दीर्घकालीन रक्तकर्करोगांत)

रक्तपेशी जिथे तयार होतात त्या मज्जेचा थोडा द्रव आणि हाडासकट बारीक तुकडा काढून तपासण्याची पद्धत. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मराठी घरांत हिला नुसते ‘बोन मॅरो’ म्हणतात. ‘मणक्यात सुई घालतात, माणूस अधू होतो’ ही भीती निराधार आहे. जागा बधिर करून सुई कंबरेच्या मागच्या हाडात जाते, मणक्यात नव्हे. द्रव ओढताना मात्र क्षणभर कळ येते. बधिर केल्यानेही ती पुरती टळत नाही. आजची निमुळत्या टोकाची सुई जमशिदी या डॉक्टरांच्या नावाने ओळखली जाते. ती १९७१ पासूनची.

दीर्घकालीन रक्तकर्करोग म्हटला की बायोप्सी हवीच, असे नाही. लिम्फोसाइटिक प्रकारात (सीएलएल) रक्तातल्या बी पेशी (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) मायक्रोलिटरला ५,००० किंवा अधिक, तीन महिने टिकून असतील, तर रक्ताच्या फ्लो सायटोमेट्रीवरच (पेशींवरच्या खुणा यंत्राने ओळखण्याच्या चाचणीवर) निदान होते. मायलॉइड प्रकार (सीएमएल) रक्तातल्या बीसीआर-एबीएल या दोन जनुके जुळून झालेल्या जनुकावरून कळतो. तिथे मज्जा पाहायची ती आजार कोणत्या टप्प्यात आहे हे ठरवण्यासाठी: अपक्व ब्लास्ट पेशी २० टक्क्यांवर गेल्या की तो तीव्र रक्तकर्करोगासारखा वागू लागतो.

बायोप्सीचे खरे मोल मायलोफायब्रोसिस या मज्जेच्या कर्करोगात दिसते. पांथरी वाढून डाव्या बरगडीखाली जड वाटते, थकवा येतो. घरचे पित्त समजून गोळ्या देत राहतात. मज्जेत तंतू माजल्याने अनेकदा सुईत द्रवच येत नाही. अशा वेळी हाडाच्या तुकड्यावर रेटिक्युलिनचे (बारीक तंतू दाखवणारे) रंजन करून तंतूंचे प्रमाण पाहावे लागते. रक्तातली जॅक२ चाचणी (त्या नावाच्या जनुकातला बदल शोधणारी) मदत करते, पण निम्म्याच्या आसपास रुग्णांत तो बदल सापडतच नाही, आणि सापडला तरी तो पॉलिसायथेमियातही (तांबड्या पेशी वाढण्याच्या आजारात) असतो.

द्रव पसरून केलेल्या काचा लवकर वाचता येतात. तुकड्यातला चुना आधी काढावा लागतो, म्हणून त्याचा अहवाल काही दिवसांनी मिळतो. पुढच्या सल्ल्यासाठी कोल्हापूर, गोवा किंवा मुंबई गाठायची असेल, तर नुसता कागद नेऊ नये. प्रयोगशाळेकडून काचा आणि तुकडा बसवलेला मेणातला ठोकळा मागून घ्यावा. तो नीट जपलेला असेल तर पुन्हा सुई टोचण्याची वेळ बहुधा येत नाही.