'बांबोळीचा कागद' आणला की सुटला?

गोव्यात म्हापशाच्या बाजारात असो की कदंबाच्या बसमध्ये, खुनाची बातमी निघाली की कोणीतरी म्हणतंच, "आता बांबोळीचा कागद आणतील, माणूस वेडा म्हणून, मग सुटला." मला हे ऐकवत नाही, कारण एवढं सोपं ते नाहीच.

बांबोळीच्या मानसोपचार इस्पितळातले डॉक्टर आजार कुठला ते सांगतात, पण कोर्टाचा प्रश्न वेगळा असतो. भारतीय न्याय संहितेचं कलम २२, म्हणजे जुन्या भादंविचं ८४, विचारतं की कृत्य केलं त्या घडीला आपण काय करतोय, ते चूक किंवा बेकायदेशीर आहे हे त्या आजारामुळे त्याला कळतच नव्हतं का? स्किझोफ्रेनियाची जाडजूड फाईल असली तरी त्या घडीचं काय ते आरोपीलाच दाखवावं लागतं, आणि सुरी लपवून पळाला असेल तर ते त्याच्या विरोधातच जातं. कोर्टाने मानलं तरी घरी जा असं लगेच नाही, सुरक्षित ठिकाणी ठेवतात किंवा नातेवाईकांकडून हमी घेऊन सोपवतात.

दुसरा प्रश्न आजचा. आज तो स्वतःचा बचाव करू शकतो का? भास होतायत, वकिलालाही शत्रू समजतोय, अशा माणसावर केस चालवणं अन्यायच, म्हणून ती थांबते. औषधाचा गुण दिसायला काही आठवडे लागतात, तोवर थांबणं बरोबरच, पण माणसं हरवतात ती इथेच. आसामचे माचांग लालुंग १९५१ मध्ये पकडले गेले, तेजपूरच्या मनोरुग्णालयात पाठवले, १९६७ मध्ये डॉक्टरांनी बरे म्हटलं तर घरी नाही, पुन्हा जेलमध्ये, आणि सुटले २००५ मध्ये, एक रुपयाच्या जातमुचलक्यावर. ५४ वर्षं, खटला न चालता! वाचलं तेव्हा पोटात कालवलं माझ्या.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने प्रत्येक राज्यात निदान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मानसोपचाराची सोय हवी असं सांगितलंय, आजारी माणसाला फुकट वकिलाचा हक्कही दिलाय. तेव्हा आपलं कोणी कोलवाळच्या जेलमध्ये असं अडकलं असेल तर वकिलाच्या मागे लागा, डॉक्टरांचा ताजा रिपोर्ट कोर्टासमोर पोचला का हे प्रत्येक तारखेला विचारा, कारण लालुंगांचा तो बरे झाल्याचा शेरा कागदावर होताच.