पूर, दरड किंवा धुपीनंतर जुनी नाणी-दागिने सापडले तर: सूचना कुणाला द्यायची, कागदपत्रं कोणती, मेटल डिटेक्टर कुठे चालतो

पूर ओसरला की नदीचा काठ नव्यानं कापलेला दिसतो, आणि त्या कापात कधी खापरं, कधी विटा, कधी हिरवट पडलेली नाणी डोकावतात. दायमाबादचे कांस्यशिल्पांचे चार नमुने, म्हणजे रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा, १९७४ मध्ये प्रवरेकाठी एका शेतकऱ्याला झुडपाच्या मुळाशी खणताना मिळाले. ते सरकारजमा झाले म्हणून आज संग्रहालयात पाहता येतात. हल्ली हजारो रुपयांचा मेटल डिटेक्टर घेऊन पूररेषेवर फिरणारे वाढले आहेत, पण वस्तू मिळाल्यावर काय करायचं हे बहुतेकांना माहीत नसतं. त्याची पद्धत इथे दिली आहे.

आधी ठरवा: ही वस्तू कुणाची?

आपत्तीनंतर मातीतून निघणाऱ्या वस्तू दोन प्रकारच्या असतात आणि दोन्हींचे रस्ते वेगळे आहेत.

पहिला प्रकार नुकत्याच वाहून गेलेल्या किंवा गाडल्या गेलेल्या घरातला: मंगळसूत्र, पाटल्या, कपाटातली पेटी, देव्हाऱ्यातले टाक. या वस्तूंना मालक आहे, मालक हयात नसेल तर वारस आहेत. माळीण (२०१४), तळीये (२०२१), इर्शाळवाडी (२०२३) अशा ठिकाणच्या मलब्यात जे काही आहे ते त्या कुटुंबांचं आहे. तिथे हौसेनं डिटेक्टर फिरवणं हे आमच्या मते चूकच, आणि बऱ्याचदा बेकायदाही. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ३४ खाली जिल्हा प्राधिकरण बाधित भागात प्रवेश बंद करू शकतं. आदेश मोडला तर कलम ५१ लागू शकतं. सापडलेली वस्तू लबाडीनं ठेवून घेतली तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१४ आणि मृताच्या मालमत्तेबाबत कलम ३१५ लागतं. कलम ३१५ मध्ये शिक्षा तीन वर्षांपर्यंत जाते.

अशी वस्तू जवळच्या पोलीस ठाण्यात द्या. गावात मदत छावणी असेल तर तलाठी आणि पोलीस पाटील यांच्यासमोर द्या. पंचनामा करून घ्या, वस्तूचं वजन, खुणा, दागिन्यावरचा सोनाराचा शिक्का हे त्यात लिहायला सांगा आणि प्रत मागा. मालक कळत नसेल तर दंडाधिकारी जाहीरनामा काढून दावेदारांना सहा महिन्यांची मुदत देऊ शकतात.

दुसरा प्रकार पुरातन ठेव्याचा: जमिनीत दडवलेली, आज मालक ठाऊक नसलेली नाणी, भांडी, मूर्ती. इथे भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ लागतो. कार्यालयात त्याला ‘ट्रेझर ट्रोव्ह अ‍ॅक्ट’ म्हणतात.

पुरानं नाणी काठावरून उचलून वाळूवर पसरली असतील तर ती ‘जमिनीत दडवलेली’ धरायची का, असा प्रश्न येतो. तो निर्णय स्वतः घेऊ नका. सूचना द्या, ठरवतील जिल्हाधिकारी.

सूचना कुणी द्यायची?

ज्याच्या हाताला वस्तू लागली त्यानं, जिल्हाधिकाऱ्यांना. शेतमालकच हवा असं नाही. शेतमजूर, जेसीबीचालक, विहिरीवरचा कामगार, कुणीही. कायद्यातली मर्यादा १० रुपये किमतीची आहे. म्हणजे एक जुनं चांदीचं नाणं मिळालं तरी सूचना बंधनकारक. लपवल्यास कलम २० प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही, आणि ठेव्यातला आपला हिस्सा सरकारकडे जातो. जागामालकानं लपवायला साथ दिली तर त्याच्यावरही कारवाई होते. २०२१ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या चिखलीत बांधकामाच्या मातीत निघालेली २१६ सोन्याची नाणी पोलिसांनी जप्त केली. वेळेवर लेखी सूचना गेली असती तर ती वेळ आली नसती.

सापडल्यावर, तिथल्या तिथे

नाणं चिंचेनं, लिंबानं किंवा पितांबरीनं घासू नका. वरचा हिरवा किंवा काळपट थर गेला की अक्षरं आणि चिन्हंही जातात. सातवाहनांची बरीच नाणी शिशाची आहेत. ती लाकडी पेटीत किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवली तर लाकूड-पुठ्ठ्यातून सुटणाऱ्या आम्लामुळे पांढरी पूड होऊन झडतात. ती प्लास्टिकच्या स्वच्छ डबीत, प्रत्येक वेगळं ठेवा.

वस्तू काठाच्या उभ्या कापात अडकलेली दिसली तर ओढून काढू नका. फोटो घ्या: एक लांबून, एक जवळून, शेजारी पट्टी ठेवून. वरच्या जमिनीपासून किती सेंटिमीटर खाली आहे आणि त्या थराची माती कोणत्या रंगाची आहे ते लिहा. कापात असलेलं नाणं आपल्या मूळ जागी आहे, त्याच्या शेजारच्या राखेवरून, खापरांवरून काळ ठरतो. तेच वाळूत पडलेलं नाणं कुठून आलं हे कुणी सांगू शकत नाही. शिवाय खालून पोखरलेला काठ अवचित कोसळतो, म्हणून कड्याच्या पायथ्याशी बसून खणणं जिवावर बेतू शकतं. गंजलेला तोफगोळा किंवा बॉम्बसारखं काही दिसलं तर हात न लावता मागे या आणि ११२ ला फोन करा.

लेखी सूचना आणि सोबतची कागदपत्रं

कलम ४ तीन गोष्टी मागतं: वस्तूंचं स्वरूप व अंदाजे किंमत, मिळाल्याची जागा, मिळाल्याची तारीख. साध्या कागदावर असं लिहिलं तरी काम होतं:

‘दि. ___ रोजी मौजे ___, ता. ___ येथील गट क्र. ___ मध्ये, नदीच्या खचलेल्या काठात, सुमारे ___ सेंमी खोलीवर मला सोबतच्या यादीतील वस्तू मिळाल्या. अंदाजे किंमत रु. ___. निखात निधी अधिनियम, १८७८ च्या कलम ४ प्रमाणे ही सूचना देत आहे. वस्तू कोषागारात जमा करण्यास किंवा आपण ठरवाल ते तारण देण्यास तयार आहे.’

सोबत लावा: ओळखपत्राची प्रत, वस्तूंची यादी (नग, धातू, ग्रॅममध्ये वजन), फोटो, जागेचा सातबारा आणि जागा दुसऱ्याची असेल तर मालकाचं संमतिपत्र. कायदा संमतिपत्र मागत नाही, पण चौकशीत पहिला प्रश्न तोच येतो. मोबाइलवर अक्षांश-रेखांश दिसतात, तेही लिहा, कारण पुरानंतर गटाच्या खुणा वाहून गेलेल्या असतात आणि वाद तिथूनच सुरू होतो.

अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आवक शाखेत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्या. एक प्रत तहसीलदारांना आणि एक राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या विभागीय सहायक संचालकांना पाठवा. तोंडी सांगणं, सरपंचांना दाखवणं, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकणं याला सूचना म्हणत नाहीत. सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात. वस्तू कोषागारात जमा केल्यावर नगवार पावती घ्या. ‘जुनी नाणी एक पिशवी’ अशी पावती स्वीकारू नका.

मेटल डिटेक्टर कुठे?

खाजगी शेतात मालकाच्या लेखी परवानगीनं. नदीपात्र आणि भरतीरेषेखालचा किनारा महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २० प्रमाणे सरकारी आहे, म्हणून तिथे खणण्यापूर्वी तहसीलदारांची परवानगी घ्या. वनजमिनीत वनखात्याची. केंद्राच्या (प्राचीन स्मारकांचा १९५८ चा कायदा) किंवा राज्याच्या संरक्षित स्थळी परवान्याशिवाय उत्खनन चालत नाही. तिथे डिटेक्टर नेऊच नका. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीसारख्या, पंचगंगेकाठच्या प्राचीन वस्तीच्या टेकाडावर तर मातीचा प्रत्येक थर मोलाचा आहे.

आपल्याकडच्या बेसॉल्टच्या मातीत मॅग्नेटाइट हे चुंबकीय लोहखनिज असतं, त्यामुळे यंत्र विनाकारण वाजतं. गाळ संपून काळी माती लागली की ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीमुळे यंत्र वाजू नये म्हणून केलेली जुळवणी, पुन्हा करा. कोकणात ओल्या खारट वाळूत एकाच फ्रीक्वेन्सीचं यंत्र सतत वाजतं, तिथे अनेक फ्रीक्वेन्सींचं हवं. पुराच्या गाळात पत्र्याचे तुकडे, खिळे आणि औषधाच्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या भरपूर असतात. यंत्रात लोखंडाचा आवाज पूर्ण बंद केला तर खिळ्याशेजारचं नाणंही सुटतं, म्हणून संवेदनशीलता थोडी कमी करून सावकाश फिरवा. साधारण नाणं १५ ते २० सेंमीपर्यंतच कळतं.

पुढे काय होतं?

जिल्हाधिकारी अधिसूचना काढतात. सुनावणीची तारीख प्रसिद्धीनंतर चार महिन्यांच्या आत नसते आणि सहा महिन्यांच्या पुढे जात नाही. जागेचा मालक किंवा कब्जेदार वेगळा असेल तर त्याला स्वतंत्र नोटीस जाते. ठेवा गेल्या १०० वर्षांत दडवलेला आहे आणि समोर आलेला माणूस त्याचा वारस आहे असं दिसलं, तर दिवाणी दाव्यासाठी वेळ दिला जातो. तसं नसेल तर ठेवा बिनमालकीचा जाहीर होतो. त्याविरुद्ध दोन महिन्यांत अपील करता येतं.

जागामालकानं दावा केला नाही तर सारं सापडणाऱ्याला मिळतं. त्यानं दावा केला आणि दोघांत करार नसेल तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याला, एक चतुर्थांश मालकाला. सरकारला ठेवा संग्रहालयासाठी हवा असेल तर कलम १६ प्रमाणे धातूची किंमत आणि वर तिचा एक पंचमांश देऊन तो घेता येतो. वस्तू परत मिळाली तरी १०० वर्षांहून जुन्या वस्तूवर १९७२ चा पुरावशेष कायदा लागू राहतो: खाजगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही, विक्रीचा धंदा करायला परवाना लागतो, आणि मूर्तीसारख्या अधिसूचित प्रकारांची नोंदणी पुरातत्त्व खात्याच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे करावी लागते. त्या नोंदणीच्या वेळी सूचनेची शिक्का असलेली प्रत आणि जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश सोबत न्या.